अर्जदार समोर हवा

भगवंतराव टेकाळ्यांचा जन्म कंपाउंडरकीत गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस केली. गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. "मीटर उलटा फिरताना एकदा बघायचाय," असं ते बायकोला, शेवंताबाईंना, सांगत. पण जोडणीच्या मंजुरीसाठी वीज कचेरीतल्या खडतरे साहेबांची तपासणी हवी होती. साहेब खुर्चीत रेलून दर खेपेला म्हणायचे, "काका, घाई कशाला? सूर्य कुठं पळून चाललाय?"

घरी येऊन भगवंतराव तेच वाक्य बायकोला ऐकवायचे. चौदा महिने त्यांनी हेलपाटे घातले. प्लेटांवर धूळ साचली, आणि एके दिवशी भगवंतरावच गेले.

महिन्याभरानं साहेब तपासणीला उगवले.

"अर्जदार समोर हवा."

"ते वारले, साहेब."

"मग हा अर्ज रद्द. तुमच्या नावानं नवा करा."

शेवंताबाई रडल्या नाहीत, की हात जोडले नाहीत. आत जाऊन त्यांनी मृत्यूचा दाखला आणला.

"करा रद्द. फक्त कारण लिहा, 'तपासणीची वाट बघता बघता अर्जदार वारला.' खाली तुमची सही आणि आजची तारीख. अर्जाची तारीख वर आहेच."

साहेबांचं पेन थबकलं. वारसाची सही चालते, हा नियम त्यांना उभ्या उभ्या आठवला.

"तसं नको, मावशी," ते घाम पुसत म्हणाले. "तुम्हीच इथं सही करा. उद्याच्या उद्या मीटर बसवतो."

शेवंताबाईंनी सही केली आणि कागद पुढं सरकवला.

"एवढी घाई कशाला, साहेब? सूर्य कुठं पळून चाललाय?"