बुजगावण्याचे हात

चिखलालासुद्धा वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. दाणे भरले की भाताच्या खाचरात बुजगावणं उभं करायचं, अशी गावाची रीत होती. पण त्या वर्षी तानीकाकीनं लावणी उरकताच ते पाण्यात रोवलं. "आत्तापासूनच राखण कर रे बाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी काळा कोतवाल पक्षी आला. "जरा तुझ्या हातावर बसू दे. इथून खोडकिडीचे पतंग बरोबर दिसतात. उडता उडता टिपीन."

"पाखरू म्हणजे चोर! चल, नीघ!" बुजगावणं ओरडलं आणि वाऱ्यासरशी त्यानं बाह्या फडफडवल्या. कोतवाल पुन्हा पुन्हा आला. शेवटी कंटाळून नदीपलीकडे गेला.

मग पतंगांना रान मोकळं झालं. त्यांनी पानांवर अंडी घातली, अळ्या खोडात शिरल्या. लोंब्या आल्या त्या पांढऱ्याफटक आणि ताठ. तानीकाकीनं एक लोंबी तळहातावर चोळली, तर नुसतं फोलपट.

"तुझा काय दोष? घाई मीच केली," असं म्हणत तिनं बुजगावण्याचं मडकं उतरवलं, सदरा काढून घेतला. आडव्या काठीचे हात तेवढे उरले.

सकाळी त्यांच्यावर कोतवाल येऊन बसला.

"बस, हवा तितका वेळ बस," बुजगावणं हळूच म्हणालं.

"हात तर तेव्हाही असेच पसरलेले होते."

"होते रे. पण ते हाकलायलाच दिलेत, असं मला वाटलं."