दीड वर्षाची मेहनत

“गळा सुकला सांगून, तरी एकालाही पटत नाही, वस्ताद! माझ्या नातवाच्या पायांत जीव नाही. आता कुणाच्या दारात जाऊ?”

तालमीच्या पायरीशी उभी राहून इंदराक्का कडाडली. तिच्या कडेवर दीड वर्षाचा नातू. मागं सून मंजुळा, हातात कपड्यांचं गाठोडं. हिच्या दुधातच कस नाही, असं ठरवून इंदराक्का तिला आजच्या एसटीनं माहेरी धाडणार होती. पोर ठेवून घेऊन.

हाडं-नसा बघणारे कासम वस्ताद पायरीवर बसले होते. सत्तरी उलटलेली, पण बैठक अशी की वाटावं, पायरीच त्यांना टेकलीय.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“दोन झाले. हाडं चांगली, नसा चांगल्या, खाली सोडा म्हणतात. सोडा काय? चार नातींच्या पाठीवरचा, नवसाचा आहे! जत्रेत देवापुढं ठेवल्याशिवाय भुईला पाय लावायचा नाही, असं बोलून बसलेय मी. मागची जत्रा ह्याच्या जन्माआधीच झाली, औंदा भावकी भांडली, जत्राच भरली नाही.”

“म्हणजे दिवसभर कडेवर?”

“माझ्याच! त्याच्या आईलासुद्धा पाजण्यापुरताच देते.”

वस्तादांनी हात पुढं केला. इंदराक्कानं पोराची तंगडी पुढं केली.

त्यांनी ती हळूच बाजूला सारली... आणि इंदराक्काचाच दंड चाचपला.

“वा, आक्का! काय कमावलाय! माझ्या पोरांना असा दंड भरायला तीन वर्षं लागतात.”

इंदराक्का फुगली. मंजुळेकडं बघून घेतलं तिनं.

“आता ह्याची मेहनत दाखवा.”

“...कुणाची?”

“ह्याची.”

इंदराक्कानं पोराला घट्ट धरलं, मग मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

ती वाकली. पोर भुईवर ठेवलं. त्यानं पाय पोटाशी घेतले, टाहो फोडला. ती झेपावली.

“थांबा.”

वस्ताद एवढंच म्हणाले. आखाड्यातले दोन पैलवानही जागच्या जागी थांबले.

मंजुळेनं गाठोडं खाली टेकवलं. पोर रडत रडत सरकलं, गाठोडं धरलं... गुडघे लटलटले... उभं राहिलं. मग धपकन बसलं आणि पुन्हा गाठोड्यालाच झोंबलं.

“मग चूक कुणाची, वस्ताद?” इंदराक्कानं विचारलं. “देवाची? का हिच्या दुधाची?”

वस्ताद उठले. जाताजाता पोराच्या टाळूवर हात ठेवला.

“देव नाही. मंजुळा नाही... इंदराक्का.”