साळूची आई

एका डोंगराच्या पायथ्याशी सागाचे जंगल होते. तिथल्या ओढ्याकाठच्या बिळात एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, तिच्या म्हाताऱ्या आईसोबत राहत असे. आईला दिसेनासे झाले होते आणि दात झिजून गेले होते. साळू रोज रानातून करांद्याचे कंद उकरून आणी, स्वतः चावून मऊ करी आणि मगच आईला भरवी. आईला आपल्या मागोमाग चालवत ओढ्यावर नेई आणि पाणी पाजून आणी. एवढे सगळे झाले की आई विचारी, "तुझा दादा आला का गं?" मुलांनो, दिवसभराच्या कामाने साळू थकत नसे, पण त्या एका प्रश्नाने मात्र तिचा जीव शिणून जाई. 'राबते मी आणि ध्यास मात्र दादाचा!' असे तिच्या मनात येई.

दादा राहायचा ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण गेल्या पावसाळ्यात तो आला, तेव्हा दारातूनच म्हणाला, "आई किती वाळलीय! नीट खायला घालतेस ना तिला?" साळूचे काटे ताडकन उभे राहिले. "एवढी कळकळ आहे तर घेऊन जा तुझ्या बिळात!" ती म्हणाली. दादानेही काटे फुलवले आणि आला तसा निघून गेला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. साळू पाण्यावर गेली की दादा ओढ्याच्या वरच्या अंगाला वळायचा.

उन्हाळा आला आणि जवळचे करांदे संपले. डोंगर चढून कंद उकरताना एक दगड निसटला आणि साळूच्या पुढच्या पंजावर आदळला. लंगडत लंगडत ती कशीबशी बिळात पोहोचली, पण उकरणे आता कुठले? दोन दिवस मायलेकी उपाशी राहिल्या. तिसऱ्या दिवशी आईने पाणीसुद्धा नको म्हटले. शेजारचा ससा डोकावला आणि चपापला. "मी तुझ्या दादाला बोलावतो," तो म्हणाला.

"नको! तो आणखी चार शब्द ऐकवील," साळू म्हणाली. आईचा श्वास जड येत होता. साळूने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "जा सशा. सांग त्याला, आई उपाशी आहे. तुझ्या बहिणीला आता एकटीला जमत नाही म्हणावं."

संध्याकाळच्या आत दादा आला. तोंडात दोन मोठाले करांदे होते. साळू अंग चोरून कोपऱ्यात बसली. आता बोलणी खायची, असे ती धरूनच चालली होती. पण दादा सरळ आईपाशी गेला. त्याने कंद चावून मऊ केला आणि आईच्या तोंडाशी नेला. आईने हुंगून पाहिले. "तू आलास होय रे? माझी लेक कुठंय? जेवली का ती? फार राबते रे बिचारी, स्वतःकडे बघतच नाही."

साळूच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडू लागले. जो जवळ नाही त्याची आई वाट पाहते, एवढेच ते होते. आणि वर्षभर तिने त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. "मी इथंच आहे गं आई," ती म्हणाली.

दादाने दुसरा करांदा तिच्यापुढे सरकवला. "खा आधी. त्या दिवशी मी चुकलो. आईला तसं बघून जीव घाबरला आणि तुझ्यावरच खेकसलो. नंतर यायची लाज वाटत राहिली."

"मीही कुठे गप्प बसले, दादा!"

मग दादा रोज येऊ लागला. पंजा बरा झाल्यावरही यायचा. आई तीच होती. तिचे आंधळेपण, तिचे तेच तेच विचारणे, काहीच कमी झाले नव्हते. तरी साळूला आता सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत नसे. एका दुपारी दादा म्हणाला, "मी बसतो आईपाशी. तू जरा हिंडून ये." वर्षभराने साळू कामाशिवाय, नुसती हिंडायला रानात गेली, झाडाखाली पडलेली पिकली जांभळे पोटभर खाल्ली, धुळीत मनसोक्त लोळली.

परत आली तेव्हा आई दादाला टेकून शांत झोपली होती. "दादा, तुझे उपकार कसे फेडू?" साळू हळूच म्हणाली.

"उपकार कसले, वेडे?" दादा म्हणाला. "तू इतके दिवस तिला जपलंस, म्हणून मला आज भेटायला आई आहे."

तात्पर्य : वडीलधाऱ्यांची सेवा कष्टाची असतेच, पण भावंडांमधला अबोला ती असह्य करतो. जो सेवा करतो त्याला दोष देऊ नये, त्याचे आभार मानावेत आणि त्याच्या कामाला हातभार लावावा.