माळावरचे वाचनालय

सातोळीचे सार्वजनिक वाचनालय गावात नाही. ते ओढ्यापलीकडे, उघड्या माळावर एकटेच उभे आहे. बाहेरचे लोक हमखास विचारतात, "एवढ्या लांब कशाला बांधलं?" मग तिथले ग्रंथपाल सीतारामतात्या त्यांना पायरीवर बसवतात आणि सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी गावात दामोदरपंत नावाचे गृहस्थ राहत. त्यांच्यापाशी पेटीभर पुस्तके होती, आणि गावात वाचता येणारे अगदी थोडे. म्हणून पंत रोज दिवेलागणीला ओसरीवर बसून मोठ्याने वाचत. त्यांना एक खोड होती, असे सांगतात. गोष्ट ऐन रंगात आली की ते पुस्तक मिटत. लोकांनी दुसऱ्या दिवशी परत यावे म्हणून.

एका संध्याकाळी गोष्टीतली बहीण हरवलेल्या भावाला शोधत रानात शिरली, आणि पंतांनी पुस्तक मिटले. सगळे उठले. रखमा कोष्टिणीची भागी मात्र उठेना.

"पंत, भाऊ सापडतो का, तेवढंच सांगा ना."

"आज सांगितलं तर उद्या कशाला येशील गं, भागे?"

"सांगून टाका हो," रखमा म्हणाली. "नाहीतर ही माझं डोकं खाईल."

सगळे हसले. पंतही हसले, पण सांगितले नाही.

प्लेगचे दिवस होते. रात्रीत भागीला ताप भरला, काखेत गाठ आली. सकाळी मायलेकींना माळावरच्या झोपडीत नेऊन ठेवले. ओढा ओलांडायची गावाला बंदी होती. पंतही भ्याले. पण त्यांना घास गिळवेना, म्हणे. शेवटी तिसऱ्या दिवशी पुस्तक काखोटीला मारून ते ओढ्यात उतरले.

झोपडीसमोर उभे राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आत ऐकू जावे म्हणून आवाज चढवला. तेवढ्यात रखमा दारात आली.

"भागी गेली, पंत. पहाटेच."

पंत पुस्तक मिटू लागले.

"थांबू नका," ती म्हणाली. "तापातसुद्धा तेच विचारत होती. मला तरी कळू दे."

पंत वाचत राहिले. अक्षरे दिसत नव्हती, तरी वाचत राहिले. गोष्ट संपली.

"म्हणजे सापडला," एवढेच म्हणून रखमा आत गेली.

साथ सरल्यावर पंतांनी त्याच जागी वाचनालय बांधले.

आजही तिथे दर शनिवारी गोष्ट वाचतात, आणि एका बैठकीत संपेल अशीच निवडतात. मध्येच एखाद्या मुलाला घरून बोलावणे आले, तर वाचणारा त्याला जवळ घेतो, शेवट हळूच त्याच्या कानात सांगतो आणि मगच जाऊ देतो.