आरबाच्या गोळ्यांमागचा हात

एका गावात एक बाई होती, आरबा तिचं नाव. गाव मात्र आपल्याकडचं नव्हे हं. समुद्र ओलांडून, पार आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला ते गाव होतं. नवरा वारल्यावर दोन लहान लेकींना घेऊन आरबा तिथे आली आणि वेशीजवळच्या मोकळ्या जागेत तिने झापांचं खोपट घातलं. जागा राजाची. कुणीही यावं आणि "ऊठ इथून" म्हणावं. वर्षभरात तिला तीनदा खोपट हलवावं लागलं. चूल मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. बिचारी देवाला म्हणायची, "मला राजवाडा नको रे बाबा. एकदा मांडलेली चूल पुन्हा मोडायला लावू नकोस, एवढंच कर."

पोटासाठी ती पिठाचे गोळे तळून विकायची. त्या मुलखात हे गोळे घरोघरी करतात, बोफ्रोट म्हणतात त्यांना. आपल्या गुलगुल्यांचे सख्खे मावसभाऊच म्हणा ना! गव्हाचं पीठ, साखर, चिमूटभर मीठ, वरून किसलेलं जायफळ. सगळं साधंच. पण आरबाचे गोळे काही केल्या फुगत नसत. कढईत सोडले की जे तळाशी जाऊन बसत ते बसतच. गिऱ्हाईक एकदा खाई आणि दुसऱ्या दिवशी रस्ता बदलून जाई.

त्या गावात क्वेकू नावाचे एक म्हातारे ताडी काढायचे. तिकडेही वयस्क माणसाला नाना म्हणतात, अगदी आपल्यासारखं. म्हणून सगळे त्यांना नाना म्हणत. एकदा नानांनी आरबाचा एक गोळा घेतला, चावला आणि हळूच तोंडातून बाहेर काढला.

"पोरी, हे खायला दात लागतात. माझ्याकडे तीनच आहेत, आणि तिघांचंही आपसात पटत नाही!"

आरबाला हसूही आलं आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर नाना दारात उभे. हातात भोपळ्याचं भांडं, त्यात नुकती उतरवलेली ताडी, वर पांढराशुभ्र फेस. आता ताडी म्हटल्यावर गालातल्या गालात हसू नका. ही प्यायची नव्हे, पीठ आंबवायची.

"हिच्यात पीठ भिजव," नाना म्हणाले. "वर ओलं फडकं टाक, चुलीच्या उबेला ठेव आणि जरा धीर धर. घडीघडीला उघडून बघू नकोस. कुणी टक लावून बघत बसलं तर आपल्याला तरी झोप लागते का?"

आरबाने तसंच केलं. दुपारी फडकं काढलं तर काय, पीठ दुप्पट वर आलेलं! तिने ओला हात पिठात घातला, मूठ आवळली, अंगठ्यावरून गोळा वर आला तसा तो अलगद तेलात सोडला. गोळा बुडाला, वर आला, टम्म फुगला. एक बाजू लाल झाली आणि तो आपला आपणच कूस बदलून पालथा झाला! झाऱ्या लावायचीही गरज पडली नाही. आरबा झाऱ्या हातात धरून बघतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

त्या दिवसापासून रोज पहाटे आरबाच्या दारात ताडीचं भांडं यायचं, वर हिरवं पान झाकलेलं. पाऊस असो, वारा असो, एक दिवस चुकला नाही. आरबा काही देऊ लागली की नाना म्हणत, "मला झाडावर चढायचंच असतं गं. तुझं दार वाटेतच तर आहे." वाटेत कसलं? नानांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

हळूहळू आरबाच्या गोळ्यांचं नाव झालं. गरम घाणा निघायच्या आत दाराशी रांग लागू लागली.

अशात राजाला नात झाली. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, त्यांच्याकडे आठव्या. बारशाला गोळे करायला आरबाला बोलावणं आलं. राजाने चारचौघांत खायचं नाही अशी तिथली रीत. म्हणून गोळ्यांची परात पडद्याआड गेली. परात रिकामी बाहेर आली. पुन्हा भरून गेली, पुन्हा रिकामी आली. मग पडदा सरला आणि आरबाला समोर बोलावलं.

त्या दरबारात आणखी एक रीत होती. राजाशी कुणी थेट बोलायचं नाही. मध्ये राजाचा बोलका उभा असे, ओसेई त्याचं नाव. राजाचं म्हणणं तो लोकांना सांगायचा आणि लोकांचं राजाला. आणि सांगताना दोन्हीकडे थोडं तूपही घालायचा. अंगच्या गुणाला औषध काय?

ओसेईने सोन्याच्या मुठीची काठी आपटली. "महाराज खूश आहेत. तुला काय हवं ते विचारतात."

"माझी चूल आहे ती जागा माझी व्हावी," आरबा कशीबशी म्हणाली.

"महाराज विचारतात, असे हलके गोळे करायला तुला कुणाची मदत होते का?"

आरबाने मागे पाहिलं. गर्दीच्या कडेला नाना उभे होते, झाडावर चढायचा दोर खांद्याला. त्यांचं नाव तिच्या अगदी जिभेवर आलं. पण मनात आलं, मदत आहे म्हटलं तर हे लोक म्हणतील, मग हिचं त्यात काय? आणि जागा राहील बाजूला. शिवाय खरं सांगायचं तर, जन्मात पहिल्यांदाच सगळा गाव तिच्याकडे कौतुकाने बघत होता. त्या कौतुकात वाटेकरी नको वाटला तिला.

"कुणाची नाही," ती म्हणाली. "सगळं माझ्याच हातचं."

ओसेईने त्यावर तूप ओतलं. "महाराज, असा हात सात गावांत नाही! हिला ना कुणी शिकवलं, ना कुणी काही दिलं!"

राजाने मान डोलावली आणि जागा आरबाची झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या नानांनी. आरबाला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन तिने चुलीपुढची माती कपाळाला लावली. आता ही चूल तिची होती. पण मेला आनंद काही होईना. "संपलं," ती मनाशी म्हणाली. "आता कसली येतेय ताडी! त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दार उघडलं. उंबऱ्याशी भांडं होतं. हिरवं पान झाकलेलं, आत फेस चुरचुरत होता. रोजच्यासारखंच, एक थेंबही कमी नाही.

नानांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पण हे भरलेलं भांडं तिला सोसवेना. तिने ते उचललं आणि तशीच तडक राजाकडे गेली.

"काल मी खोटं बोलले," ती ओसेईला म्हणाली. "माझे गोळे क्वेकूनानांच्या ताडीने फुगतात. पीठ कसं आंबवायचं तेही त्यांनीच शिकवलं. महाराजांना सांगा."

ओसेईला घाम फुटला. तो खाली वाकून कुजबुजला, "अगं बाई, वेड लागलं का तुला? दरबारात खोटं बोलणाऱ्याला गाव सोडावं लागतं! जागा तर जाईलच. गप घरी जा. ही महाराजांचे आभार मानायला आली होती, असं सांगतो मी."

राजा जेमतेम दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पण बोलका सांगेपर्यंत राजाने ऐकलंच नाही असं समजायचं, म्हणून तो आढ्याकडे बघत बसला होता.

आरबाच्या दोन्ही लेकी डोळ्यांपुढे आल्या. तरी ती म्हणाली, "दादा, काल माझ्या खोट्याला तुम्ही सोन्याचा मुलामा दिलात. आज माझं खरं आहे तसंच जाऊ द्या."

ओसेई राजाकडे वळला आणि त्याने जन्मात पहिल्यांदा, एक शब्द न वाढवता, सगळं राजाला सांगितलं.

राजाने नानांना बोलावणं धाडलं. नाना आले. ओसेईने विचारलं, "ही बाई काल दरबारात तुमचं नाव लपवून बोलली. तुमची काही तक्रार आहे?"

"बोलली?" नाना म्हणाले. "मला तर काही ऐकू आलं नाही बुवा. त्याचं काय आहे, झाडावर चढणाऱ्याने खालच्यांचं बोलणं कानावर घ्यायचं नसतं. ऐकत बसलं की हात सुटतो."

"पण काल तुम्ही जमिनीवर उभे होतात!"

"सवय हो, सवय!"

राजाला इतकं हसू आलं की तो बोलक्याला विसरला आणि थेट आरबाशीच बोलला.

"बाई, काल तू खोटं बोललीस. पण आज कुणी बोलावलं नसताना, जागा जाईल हे माहीत असताना, खरं सांगायला आलीस. तुझी चूल राहू दे. शिक्षा एवढीच, रोज पहिला घाणा निघाला की या माणसाचं नाव वेशीपर्यंत ऐकू जाईल असं घ्यायचं."

आरबाने तिथल्या तिथे गुडघे टेकले.

परतताना दोघं बरोबर चालत होती. आरबाने विचारलं, "नाना, खरंच तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं की," नाना म्हणाले. "पण पोरी, सकाळी तुला पीठ तर भिजवायचंच होतं ना?"

आरबाने त्यांचे दोन्ही खरखरीत हात धरले आणि भर रस्त्यात ती लहान मुलीसारखी रडू लागली.

तात्पर्य: ज्याच्या आधाराने आपण वर आलो त्याचं नाव चारचौघांत मोकळेपणाने घ्यावं. घेतल्याने आपलं काही कमी होत नाही. न घेतलं तर मात्र आपण बाहेरून कितीही खरपूस दिसलो तरी आतून कच्चेच राहतो.