देवीचे महावस्त्र

आसरवेढे नावाचे कोष्ट्यांचे एक गाव होते. त्या साली सुखानंद महाराज तिथल्या देवीच्या देवळात उतरले होते. महाराज प्रवचन फारसे करीत नसत. भिक्षेला निघाले की ज्या घरात माग चालू असेल तिथे उंबऱ्याशी टेकायचे आणि विणणाऱ्याकडे बघत राहायचे.

माणिकशेठ दिवट्यांच्या कारखान्यात भिवराबाई विणायला होती. नवरा गेल्यावर त्याच्याच मागावर ती बसू लागली. तो उंचापुरा, ही चणीने लहान. मागाखालचा खड्डा त्याच्या पायांच्या मापाचा. खाली दाबायच्या पावड्यांना पाय पोचावेत म्हणून ती खड्ड्याच्या पार कडेवर सरकून, पाठीचे धनुष्य करून बसे. आडव्या सुताचा धोटा फेकायला कोपर खांद्याच्या वर न्यावे लागे. अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला, तो हळूहळू कोपरापर्यंत चढला. तोंडाने नाम घेत ती तो गिळत असे.

महाराजांनी ते पाहिले. म्हणाले, "भिवरा, नाम घेताना श्वासाला थांबतेस ना? मग हातालाही थांबू दे. मधूनमधून उठत जा. पाठ सरळ कर, बोटं मोकळी कर. तोही देवाचाच देह आहे."

गुरूची आज्ञा म्हणून ती उठू लागली. भिंतीला पाठ लावून घटकाभर उभी राही. माणिकशेठला ते खपेना. तो स्वतः कधी मागावर बसलेला नव्हता. कारखाना त्याला वडिलांकडून आयता मिळाला होता. सगळ्यांदेखत तो म्हणे, "काय भिवराबाई, समाधी लागली का? बुवाच्या नादानं आळस चढलाय अंगात." बाकीचे विणकर खाली मान घालून हसत.

नवरात्र जवळ आले. देवीचे महावस्त्र दरसाल दिवट्यांकडून जायचे आणि भिवराबाईइतका सफाईदार पदर गावात कुणाला येत नव्हता. काम तिच्याकडे आले. शेठने बजावले, "आता उठायचं नाही. घटस्थापनेला वस्त्र देवीच्या अंगावर पाहिजे."

ती उठली नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी पदर थोडाच उरला होता, आणि धोटा तिच्या हातातून गळून पडला. उचलायला गेली तर बोटे मिटेनात. मनगट सुजून काळेनिळे झाले होते. आपल्या हातून देवीचे वस्त्र अडले, या विचाराने तिच्या डोळ्यांना धार लागली.

"नाटकं करू नकोस," शेठ कडाडला. "एवढा कळवळा असेल तर तुझ्या महाराजांनाच बसव मागावर."

"बसतो की," दारातून आवाज आला. महाराज झोळी घेऊन उभे होते.

झोळी खुंटीला अडकवून महाराज भिवराबाईच्या जागी बसले. तिच्यासारखेच कडेवर, तिच्यासारखेच वाकून. ज्यांनी आयुष्यात धोटा हातात धरला नव्हता, त्यांच्या हातून तो सरसर धावू लागला. पदरावर मोर उतरू लागले. विणकर आपापले माग सोडून भोवती जमले.

भिवराबाई मात्र वस्त्राकडे बघत नव्हती. तिच्या कोपरातला ठणका ओसरत होता. एकेक बोट हलू लागले, सूज डोळ्यांदेखत उतरली. हात जोडता आले तेव्हा तिने महाराजांकडे पाहिले. महाराजांचे मनगट काळेनिळे पडत चालले होते.

"महाराज, उठा," ती रडत म्हणाली. "माझं दुखणं मला परत द्या."

महाराज हसले. शेवटचा धागा ठोकूनच ते थांबले. उठताना त्यांची पाठ सरळ होईना. भिवराबाईने आधार दिला. काय ही भक्तावरची माया!

माणिकशेठ पुढे आला. त्या सुजलेल्या मनगटाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "महाराज, हे काय झालं?"

"काही नवं नाही, शेठ," महाराज शांतपणे म्हणाले. "या जागेवर हे रोजच होत होतं. तुम्हाला आज दिसलं, एवढंच."

शेठने महाराजांच्या पायांकडे हात नेले, तर महाराज मागे सरले. "माझ्या पाया पडून हिची पाठ सरळ होणार नाही. जागा कशी हवी, ते हिला विचारा."

त्या दिवशी माणिकशेठ जन्मात पहिल्यांदा मागाच्या खड्ड्यात उतरला. पावड्या काढल्या, घमेल्याने ओली माती ओतून तळ वर आणला, पावड्या पुन्हा बसवल्या, बसायला उंच फळी ठोकली. मग चिखलाच्या हातांनी म्हणाला, "भिवराबाई, बसून बघता का?"

ती बसली. पाय पोचले, पाठ ताठ राहिली, कोपर अंगाशी आले. "बरं वाटतं," एवढेच ती म्हणाली.

शेठने तिच्या पावलांपाशी, त्या ओल्या मातीवर डोके टेकले. या वेळी महाराजांनी त्याला अडवले नाही.