रिकामा बंदिखाना

धवलगडच्या बंदिखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती! काकडी चोरली? टाका आत. शेजाऱ्याचं कुंपण मोडलं? टाका आत. राजा भीमधवलाला शिक्षा एकच ठाऊक होती.

एकदा तो पाहणीला आला. दोनशे कैद्यांच्या भाकऱ्या थापणारी भिवरा चुलीपुढे बसली होती.

"काय गं, कसा आहे माझा बंदिखाना?" राजाने मिशीला पीळ देत विचारलं.

"झकास पाठशाळा आहे, महाराज!"

"पाठशाळा?"

"तर काय! हा सटवा काकडी चोरून आला होता. इथे कुलपं उघडायला शिकला. सुटला, घर फोडलं, परत आला. आता भिंतीला भोक पाडायचे धडे घेतोय. गुरुजी आपले, भाकरीही आपलीच!"

बंदिखान्याचा दारोगा खवळला. राजाचे कान लाल झाले. तो गरजला,

"एवढी शहाणी आहेस, तर महिन्याभरात बंदिखाना रिकामा कर! माफी कोणाला नाही, हद्दपारी कोणाला नाही. जमलं नाही, तर तूच आत!"

भिवराच्या घरी आंधळी आई होती, तिला कोण बघणार? तरी ती म्हणाली, "दोघं खुनी आहेत, ते राहू द्या. बाकीचे माझ्या ताब्यात द्या."

राजाने मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी तिने ज्याने ज्याचं नुकसान केलं, त्याला त्याच्याच दारात नेऊन उभं केलं. कुंपण मोडणाऱ्याने कुंपण घालायचं. दुधात पाणी घालणाऱ्याने गावाच्या गाई राखायच्या. सटवाने गुणाआजीचं घर फोडलं होतं. त्याने तिची भिंत लिंपायची आणि रोज पाणी भरायचं.

महिना संपला. दरबार भरला.

"महाराज, ही फसवणूक आहे!" दारोगा ओरडला. "चोर मोकळे हिंडतायत. ही कसली शिक्षा?"

"सटवालाच विचारा," भिवरा म्हणाली.

सटवाने राजाचे पायच धरले. "दया करा, मला परत आत टाका! आत आयती भाकरी होती, दिवसभर झोप होती. इथे पाणी भरून खांदे सोलले. वर आजी समोर बसून विचारते, 'माझ्या लेकीचं लुगडं कुठे विकलंस रे?' मान वर होत नाही, महाराज!"

"मग पळाला का नाहीस?"

"काल आजीने तव्यावरची पहिली भाकरी मला वाढली. आता कुठे पळू?"

राजाने भिवराकडे पाहिलं. "महिन्यात पुन्हा चोरी किती जणांनी केली?"

"एकानेच, महाराज. तो दारोगासाहेबांच्या घरी कामाला होता. तिथे त्याला जुनी संगत मिळाली!"

दरबारात खसखस पिकली. दारोगा चिडून म्हणाला, "मग एवढ्या मोठ्या इमारतीचं करायचं काय?"

"बाजरी साठवा, साहेब! बाजरी आत टाकली, तर बाजरीच बाहेर येते. दरोडेखोर होऊन नाही!"

राजा इतका हसला, की पगडी मांडीवर येऊन पडली. हसता हसताच त्याने दारोगाच्या कमरेच्या किल्ल्या काढून भिवराच्या हातात दिल्या, नदीकाठची बागायती जमीन तिच्या नावे केली, आणि त्या दिवसापासून धवलगडात शिक्षा भिवरा ठरवू लागली.